सतरा नंबरच्या रायफलीचा सौदा

हवालदार दिलावर मुलाणी याने मला फसवलं. कराडजवळच्या फायरिंग रेंजवर, सकाळी सात चाळीसला, साक्षीदारासमोर.

माझी शेवटची पोस्टिंग साताऱ्याला होती, एनसीसीच्या कॅडेट्सना शिकवायला. दिलावर सांगलीला तेच काम करायचा. मी वाईचा शिंदे, तो तासगावकडचा. भरती एकाच दिवशी झालो. दरवर्षी कराडला एकत्र कॅम्प व्हायचा आणि शेवटच्या दिवशी आम्हा दोघांची मॅच. पॉईंट टू टू रायफल, पंचवीस मीटर, दहा राउंड. दोन वर्षं तोच जिंकला. तिसऱ्या वर्षी माझी पेन्शन महिन्यावर आली होती. हरून घरी जायचं नव्हतं.

भरतीच्या आधी मी बैलबाजारात दलाली शिकलो. तिथे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. सौद्यात मला कुणी गंडवलं नव्हतं.

त्या सकाळी शस्त्रं सांभाळणाऱ्या नाईक कांबळेने सहा रायफली मांडल्या. सँडबॅगवर टेकवून, एकाच लॉटच्या पाच-पाच गोळ्या, प्रत्येकीला वेगळा कागद. तीन मी तपासल्या, तीन दिलावरने. नवखा माणूस मधला काळा ठिपका बघतो. जुना माणूस ग्रुप बघतो. गोळ्या कोपऱ्यात लागू देत, एका जागी लागल्या पाहिजेत. नेम धरायची साईट फिरवून ग्रुप मधोमध आणता येतो. विखुरलेल्या गोळ्यांना इलाज नाही.

सतरा नंबरचा खांद्याला लागणारा लाकडी बट फुटका, सुतळीने बांधलेला. तिच्या पाच गोळ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"सतरा कशी हाय रं?" दिलावरने विचारलं.

"बाद. कोपऱ्यात मारती."

टॉस तो जिंकला. त्याने चकचकीत नऊ नंबर उचलली. मी तोंड पाडून म्हणालो, "मग मला ही मोडकीच राहू दे."

"थांब गड्या. तू मोडका बैल कवा घेतलास? टॉस माझा. सतरा पायजे, तर वर काय देतोस?"

"लाज हाय का तुला?"

"न्हाई. बोट धर."

त्याने रुमाल टाकला. एक बोट म्हणजे पाव किलो कंदी पेढे. त्याने पाच धरली, मी एक. मी दोनदा उठून गेलो, दोनदा परत आलो. तीनवर सौदा पटला, सतरा माझी. कांबळे हसून हसून भिंतीकडे तोंड करून उभा.

साईट लावली. आठ वाजता कांबळेने ऑर्डर दिली, "दस राउंड, अपने टाइम पे, फायर!"

दिलावर त्र्याण्णव. मी चौऱ्याण्णव.

रेंजवर नाचायला मनाई आहे. मी नाचलो. कॅडेट्स शिट्ट्या मारत होते. दिलावरने संध्याकाळपर्यंत पेढे संपवले, मला एकच दिला. "लय गोड हायत रं, फुकटचं म्हणून," म्हणाला. मी मनात म्हणालो, खा लेका, तुला कुठं माहीत.

त्याने नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली होती; पुढच्या वर्षी तो आपल्या युनिटला परत गेला. हिवाळ्यात सरहद्दीवर गस्तीला असताना हिमकडा कोसळला. सात गेले होते, सहा परतले.

त्याच्या गावी सलामी झाली. कांबळे माझ्या शेजारी होता. परतताना म्हणाला, "आवं उस्ताद, एक सांगू? मुलाणी उस्तादांनी आदल्या दिवशीच साही रायफली तपासल्या हुत्या. सतरा सगळ्यांत भारी, त्यांना ठावं हुतं. म्हणाले, ही शिंद्याला मिळाली पायजे. पण सरळ दिली तर घ्यायचा न्हाई. त्याला वाटलं पायजे की त्यानंच मला फसवलं."

"आणि मॅच?"

"मॅच खरी मारली. नऊ नंबरच्या गोळ्या विखरायच्या, तिच्यावर त्र्याण्णव म्हंजे काय, तुमीच बघा."

मी कांबळेवरच ओरडलो. दुसरं कुणी समोर नव्हतं.

आजही सातारा, सांगलीत नेमबाजी शिकणारे मला विचारतात, रायफल कोणती घ्यावी. मी ग्रुप बघायला सांगतो आणि दिलावर मुलाणीचं नाव सांगतो. पण हिशेब मिटलेला नाही. बाजारात सौदा पटला की दोघांनाही काही ना काही मिळतं. दिलावर, त्या सौद्यात तुला काय मिळालं? हवालदार शिंदे विचारतोय. जवाब दे.