पहिल्या लढाईचा पट्टा

लग्न होऊन मी पुलगावला आले तेव्हा घरात तिघंच होतो. मी, कापडाच्या गिरणीत साच्यावर विणकाम करणारे आमचे हे, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या. मामाजी साठीच्या पुढचे, उंच, फार कमी बोलणारे. सकाळी उठले की आपली वळकटी गुंडाळायची, एका खाकी पट्ट्यानं आवळायची आणि भिंतीशी उभी करायची, हा त्यांचा नेम. पट्टा दोन बोटं रुंद, सुती, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

नागपूरला जाऊन आम्ही धम्म घेतला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजारातून लाकडी पेटी आणायची होती म्हणून यांनी तो पट्टा न विचारता नेला. परत आले तर मामाजी दारातच उभे.

"काऊन नेला?"

"पट्टाच तर हाय, बाबा."

"बंदुकीचा हाय तो. पहिल्या लढाईतला. माह्या बंदुकीचा."

हे हसले. "असे पट्टे डिस्पोजलच्या बाजारात ढिगानं विकले, बाबा. तुमी लढाईत कवा गेलते? आमाले तर कोनी सांगतलं नाई."

मामाजींनी पेटीचा पट्टा सोडवून घेतला आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. यांचीही चूक म्हणता येत नाही. बापाला त्यांनी जन्मापासून रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये राबतानाच पाहिलेलं. आणि दुसरी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपल्यावर लष्कराचं उरलेलं सामान, पट्टे, पिशव्या, बाटल्या, खरंच बाजारात आलं होतं. शेजारणीची शेळी तसल्याच एका पट्ट्यानं बांधलेली असे.

मला मात्र राहून राहून वाटे, खोटं बोलायचं असतं तर हा माणूस इतकी वर्षं गप्प का बसला असता?

तिसऱ्या दिवशी मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, पट्टा देता काय? धुऊन देतो."

त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडवून दिला. मी शेजारणीकडून शेळीचा पट्टाही मागून आणला. ओट्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. हे पाळी संपवून आले, तेव्हा मी ते त्यांच्यासमोर सरकवले. विणकराचा हात तो. अंगठा फिरवला, सूत मोजलं, पट्टा उन्हात धरला.

"शेळीचा हा घाईत विनला हाय," ते म्हणाले. "सूत कुठं जाड, कुठं बारीक. बाबाचा पाहा, सुई जाणार नाई इतका ठासून विनला. हे एका जागचे नाईत."

मग मी चिंच आणि राख घेऊन पितळ घासायला बसले. काळं निघालं तसा दोन्हींवर एक छोटा बाण दिसला. शेळीच्या पट्ट्यावर बाणाशेजारी इंग्रजी आय होता. मामाजींच्या पट्ट्यावर नुसता बाण, खाली दोन-तीन अक्षरं आणि सालाचे शेवटचे दोन आकडे: एक, सहा. मी सातवी शिकलेली. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

हे विचारात पडले, पण मानले नाहीत. "सोळा सालचा पट्टा कोठारात पडून राह्यला आन् मंग बाजारात आला, असं नाई होत काय?"

आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त हवालदार राहत. दुसऱ्या लढाईची सगळी वर्षं त्यांनी लष्कराच्या सामानाच्या कोठारात काढलेली. दोन्ही पट्टे घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि आधी शेळीचा पट्टा उचलला.

"बाण म्हणजे सरकारी मालाची खूण. बाणाजवळ आय म्हणजे हिंदुस्थानात बनलेला. दुसऱ्या लढाईतला. तुमचा विलायती आहे. आणि एक गोष्ट पाहा, दुसऱ्या लढाईत जंगलासाठी पट्ट्यांना हिरवा रंग देत. शिवणीत तो राहतोच. तुमच्या पट्ट्याच्या शिवणीत हिरवा नाही. हा त्या लढाईत वापरलाच नाही."

"म्हणजे बाबाचाच?" यांनी विचारलं.

"तसं नाही. पट्टा आपलं वय सांगतो, गाव सांगतो. कोणाच्या खांद्यावर होता ते नाही सांगत." असं म्हणत त्यांनी पट्टा उलटा केला, बोट ओलं करून आतल्या बाजूनं फिरवलं आणि थांबले. पुसट शाईत चार आकडे होते. त्यांनी ते कागदावर उतरवून कागद माझ्या हाती दिला. "चला, मीही येतो. शिपाई सगळं विसरेल, आपला नंबर नाही विसरत."

मामाजी लिंबाखाली दोरी वळत बसले होते. विचारायचं मलाच सांगितलं गेलं.

"मामाजी, पलटणीत तुमचा नंबर काय होता?"

त्यांचे हात थांबले. ते उठले, टाचा जुळवल्या, हात बाजूला सोडले आणि समोर बघत म्हणाले, "टू झीरो फोर सेव्हन."

यांनी माझ्या हातातला कागद घेतला, तेच चार आकडे वाचले आणि खाली बसले. नंतर मामाजींच्या पायांना हात लावून म्हणाले, "बाबा, माह्यं चुकलं."

पण मामाजींचं लक्ष हवालदारांकडे होतं. मामाजींच्या चेहऱ्यावर भीती होती. "जमा कराचा राह्यला साहेब. पलटन मोडली तवा म्हनले, आता तुमची गरज नाई. बंदूक घेतली, वर्दी घेतली. पट्टा मी पोटाले गुंडाळून आनला. सरकारी मालाची चोरी केली मी. पोलीस येतीन म्हनून बायकोलेबी सांगतलं नाई."

"ज्यांचा होता ते देश सोडून गेले," हवालदार म्हणाले. "आता कुठं जमा करता, बाबा? बसा."

मामाजी हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर घर बदललं. पाळीवरून आले की हे बापाजवळ बसत आणि विचारत. वायव्य सरहद्दीवरची थंडी, रात्रीत गोठणारं पाणी, मागे राहिलेले सोबती, सगळं मामाजींनी हळूहळू सांगितलं. एक दिवस मी भाकरी करत असताना ते चुलीपाशी येऊन बसले.

"पलटनीत मले इंग्रजीचे आकडे तेवढे शिकवले. त्याच्यावर मी जलमभर ताठ राह्यलो. तू सातवी शिकून चूल काऊन फुकून राह्यली?"

मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज त्यांनीच मला लिहायला लावला. मुलाखतीला वर्ध्याला गेलो, तेव्हा मधल्या काळात झालेल्या माझ्या चार महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन ते दिवसभर ट्रेनिंगच्या शाळेबाहेर बसून होते. पुढे जवळच्याच एका खेड्यात मला शाळा मिळाली. पहिल्याच आठवड्यात एके सकाळी वर्गात मामाजी आले आणि मुलांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. पाटी त्यांनी घरूनच आणली होती.