पिग्मीवाल्या विमलमावशी

नवीन खातं उघडताना विमलमावशी फॉर्म भरायच्या आधी एकच प्रश्न विचारायच्या, "कशासाठी ठेवतोस रं?" समोरचा म्हणायचा, असंच, अडीअडचणीला. मावशींना ते चालायचं नाही. "असंच ठेवलेला पैसा असाच जातो. काय पायजे ते बोल." मग तो माणूस जरा लाजत घराचे पत्रे म्हणायचा, बहिणीचं लग्न म्हणायचा. पुढं वर्षानुवर्षं मावशी त्याला त्याच नावानं ओळखायच्या. संध्याकाळी शाखेत येऊन मला सांगायच्या, "पत्रेवाला आज नव्हता. कवळीवाल्या आजीनं दोन दिवसांचं एकदम दिलं." मी काउंटरवर नोंदी करायचे आणि रोज विचारायचे, "मावशी, खाते नंबर सांगा ना." त्यावर त्या पिशवीतून वही काढायच्या. नंबर त्यांना वहीत बघावा लागे. माणसं पाठ होती.

आमची शाखा नेरळच्या बाजारात होती. सगळे तिला बँकच म्हणायचे. खरं तर ती पतसंस्था होती, आणि बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला नसतो, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. मावशी तिच्या पिग्मी एजंट. रोज दुकानोदुकानी जाऊन दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायच्या, आणि आठवड्यातून दोनदा माथेरानला चढायच्या. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढं गाड्यांना बंदी, म्हणून पायी. घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, हॉटेलांतली भांडीवाली माणसं, अशी त्यांची गिऱ्हाइकं. ही माणसं खाली बँकेत कधी आली नसती. बँकच मावशींच्या पायांनी त्यांच्याकडं जायची.

त्या जवळच्या पोशीर गावच्या. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतलेला. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मात्र माझ्याहून सुरेख. बाजारातल्या एका जुन्या किराणा दुकानाविषयी त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "माझ्या आयेला हा मानूस पायरीवर चढू देत नव्हता. खाली हुबं करून पदरात वरून मीठ टाकायचा. आता त्याचा पोरगा म्हनतो, विमलताई, आत या, बसा." हे सांगताना त्या हसल्या नव्हत्या. गळ्यातलं ओळखपत्र उगाच सरळ केलं होतं.

पडझड वरून सुरू झाली होती. संचालकांनी आपल्याच माणसांना जमिनींच्या व्यवहारांसाठी मोठी कर्जं दिली होती आणि ती परत येत नव्हती. एका सोमवारी मॅनेजरनं आम्हा तिघा कारकुनांना आत बोलावून दार लावलं. "महिनाअखेर काहीतरी सोय होईल. तोवर बाहेर एक शब्द गेला तर सगळे एकदम पैसे काढायला येतील आणि उद्याच शटर पडेल. कळलं?" आम्ही माना हलवल्या.

मावशींना वास आलाच होता. तीन दिवसांनी त्या काउंटरवर आल्या, आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "पोरी, सगळं बरं हाय ना गं? माथेरानची पार्वती हाय ना, हॉटेलात भांडी घासते ती. तिला मालकानं इतक्या वर्सांचे थकलेले पैसे एकदम दिलेत. पोरीच्या नर्सिंगसाठी. मला म्हनते, तुझ्याकडंच ठेव. घेऊ का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "बरं आहे मावशी. घ्या."

आठ दिवसांनी शटर पडलं.

दारावर कागद चिकटवलेला होता. माणसं गोळा झाली, कुणी दगड मारला, कुणी पायरीवर बसून राहिलं. मॅनेजरचा फोन बंद. आम्ही कारकून घरात दडून बसलो. माझ्या आईनं मला चार दिवस दाराबाहेर जाऊ दिलं नाही. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या रस्त्यानं फेरीला निघाल्या. मला हे कळलं तेव्हा मी फोन करून म्हणाले, "मावशी, कशाला जाता? मारतील लोक."

"पैसे मी नेले ना हातानं? मग शिव्यापन मीच न्यायच्या. तोंड लपवलं तर चोर ठरंन."

त्या दुकानोदुकानी गेल्या. जे माहीत होतं ते सांगितलं, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाल्या. पत्रेवाल्यानं त्यांची वही हिसकून रस्त्यावर फेकली. कवळीवाली आजी नुसतीच रडली. किराणावाल्याचा मुलगा गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "शेवटी तुमची जात दाखवलीतच." मावशी पायरी उतरल्या आणि त्या दिवशी नेरळहून पोशीरपर्यंत चालत घरी गेल्या. पुष्कळ दिवसांनी मला म्हणाल्या, "पैशाचं कुनीपन बोलंल गं. पन ते मला वाटलं व्हतं संपलं."

माथेरानलाही गेल्या. पार्वतीनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावलं. त्यानंतर मावशी जितक्या वेळा वर गेल्या तितक्या वेळा ते दार बंदच राहिलं. पार्वतीच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश हुकला. ती कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी सहाची पाळी धरायला माथेरानहून जमेना, म्हणून तिकडंच चार मुलींत खोली घेऊन राहिली. ही बातमी मावशींनी मला सांगितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "इंजेक्शनचा हात असता तिचा. मऊ हात हाय."

पुढं संस्थेवर प्रशासक आला. दाव्याचे फॉर्म निघाले, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा ते कागद उमगत नव्हते त्या सगळ्यांचे फॉर्म मावशींनी भरले. शिव्या दिलेल्यांचेही. किराणावाल्याचाही. अलिबागच्या कार्यालयात त्या कागदांचं बोचकं घेऊन एसटीनं जायच्या. पोटासाठी एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला लागल्या होत्या, तिथली सुट्टी सगळी यात जायची. पाय सुजायला लागले होते. अशा एका खेपेला मी सोबत गेले.

परतताना पेण मागं पडल्यावर मी त्यांना सांगितलं. की मला माहीत होतं. त्यांनी विचारलं त्याच्या तीन दिवस आधीपासून माहीत होतं. आणि त्याच आठवड्यात मी माझ्या आईची ठेव मोडून घेतली होती.

मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. खोपोली आली, गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. मग म्हणाल्या, "आयेची काढलीस ते बरं केलंस. आये हाय ती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला एक बोट जरी नाय म्हनून हलवलं असतंस, तरी मला समजलं असतं."

मी रडत होते. म्हणाले, "मावशी, मला माफ करा."

"मी कोन माफ करनार? पैसे पार्वतीचे. वर जा आणि तिला सांग. तुझ्या तोंडानं."

मी हो म्हणाले. कर्जतला उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

मी गेले नाही. पावसाळा संपू दे म्हटलं, मग दिवाळी होऊ दे म्हटलं. नेरळला माथेरानच्या टॅक्सीस्टँडपर्यंत दोनदा जाऊन परत फिरले. मावशी मधूनमधून भेटायच्या, त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. उन्हाळ्यात त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं, आणि महिन्याभरात त्या गेल्या.

पोशीरला नदीकाठी त्यांना नेलं. गावचे बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील म्हणत होते, पांढऱ्या साड्यांतल्या बायका मागून म्हणत होत्या. बाजारातली पुष्कळ माणसं आली होती. पत्रेवाला आला होता. किराणावाल्याकडून कुणी नव्हतं. गर्दीच्या कडेला एक काटकुळी बाई एकटी उभी होती, हातांना साबणानं पडलेल्या भेगा. शेजारणीनं सांगितलं, ही माथेरानची पार्वती.

मी तिच्यापाशी गेले आणि सगळं सांगितलं. मावशींनी मला विचारलं होतं, आणि मीच बरं आहे म्हणाले होते. एवढं सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पार्वतीनं माझ्याकडं बघितलं. ती ओरडेल, हात उचलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मी तिला विचारलं व्हतं. बँक बुडाल्यावर ती वर आली त्या पहिल्याच दिवशी. बँकेतल्या कुनी तुला सांगितलं का, ठेव म्हनून? तर म्हनली, कुनी नाय. मी कुनाला विचारलंच नाय, माझीच चूक."

चितेतून आता धूर निघत होता. पार्वतीनं पदर तोंडाला लावला.

"म्हनून मी दोन वर्सं तिला दार उघडलं नाय," ती म्हणाली. "हुबी राहायची बाहेर. पाय सुजलेले. मी आतून बघायची, आन् उघडायची नाय."

ती माझ्यापासून दूर झाली आणि चितेच्या बाजूला, बायकांच्या मागं जाऊन उभी राहिली. सगळे पांगले तरी ती तिथून हलली नाही.