हाल्वोरचा कोट

आमच्या बेटावर मे महिन्यात कोणी शिंकलं तरी आल्फहिल्ड खिडकीशी येऊन बघते. बदकं अंड्यांवर बसलेली असतात ना! आयडर बदकं. समुद्रातून लाजतमुरडत वर येतात आणि आल्फहिल्डने फळकुटांनी बांधलेल्या घरांत, वाळक्या शेवाळाच्या गादीवर, महिनाभर ऐसपैस मुक्काम ठोकतात. जाताना पोटाखालचा मऊ पिसांचा कापूस घरट्यात ठेवून जातात. आल्फहिल्ड तो निवडते आणि दुलया शिवते. व्यवहार चोख. आमची पोटची मुलं एवढंही ठेवून जात नाहीत, आणि घर बांधून दिलं तरी राहायला येत नाहीत.

पण या पाहुण्यांचे नखरे काय सांगावेत! हातोडा मारायचा नाही, कुत्रं पाळायचं नाही, दोरीवर चादर फडकवायची नाही. सतरा मेला, राष्ट्रदिनी, अख्ख्या नॉर्वेत बँड वाजतात, पोरंटोरं झेंडे घेऊन घसा फाडतात. आम्ही आल्फहिल्डच्या स्वयंपाकघरात दार लावून उभे राहतो आणि कोणाच्या मयताला आल्यासारखं हळूच ‘हुर्रा’ म्हणतो. एकदा तिचा चुलतदीर इंगवाल्ड दोन घोट जास्त घेऊन राष्ट्रगीत मोकळ्या गळ्याने म्हणायला लागला. आल्फहिल्डने त्याच्या तोंडात अख्खं वॉफल कोंबलं. देशप्रेम तिथेच आटोपलं.

अशा घरात राग्ना जन्माला आली, तीही मे महिन्यात आणि भोंग्यासारखा आवाज घेऊन. तिच्या वाढदिवसाचा केक बदकं गेल्यावर, जूनअखेरीला कापला जायचा. रडायचं असेल तर उशीत. मोठी झाल्यावर ती बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावर गेली आणि फेरीबोटीवर खलाशी झाली. तिथे ओरडण्याचा पगार मिळतो. आई आणि मुलगी एकमेकींशी वर्षाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलत, त्यातली तीन हवामानाची.

आल्फहिल्डचा एक अभिमान होता, आणि तो ती कॉफीच्या प्रत्येक कपाबरोबर वाढायची. “पाखरं मला ओळखतात.” बदकं आधी तिच्या नवऱ्याची, हाल्वोरची होती. तो एका हिवाळ्यात गेला. पुढच्या वसंतात ती पहिल्यांदाच एकटी घरट्यांच्या फेरीला निघाली. तिचा स्वतःचा कोट पातळ, म्हणून हाल्वोरचा तपकिरी कोट अंगात घातला होता. एकाही बदकाने मान वर केली नाही. सगळं बेट म्हणालं, वा, पाखरांनी स्वीकारलं हो हिला! तेव्हापासून तिने दुसऱ्या कोणाला घरट्यांजवळ फिरकू दिलं नाही. तो कोटही तिने कधी धुतला नाही. मासळीचा वास मारायचा, पण बोलणार कोण?

यंदा गोष्ट नाजूक होती. गेल्या साली मुंगसासारखं ते मिंक शिरलं आणि बदकांचा फडशा पाडून गेलं. आता उरली होती मोजकीच. तीही बिथरली तर परत येत नाहीत. पलीकडच्या बेटावर असंच झालं, तिथली रिकामी घरकुलं अजून समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. आणि फेरी चुकवूनही चालत नाही, माणूस फिरलं नाही की कावळे आणि सीगल अंड्यांवर उतरतात. नेमकी अशा वेळी आल्फहिल्ड शेवाळावरून घसरली आणि घोटा सुजून भोपळा झाला.

इंगवाल्ड धावत आला. “वहिनी, मी जाऊ का फेरीला?”

“तुम्ही? भावजी, तुम्हाला बघून मासेसुद्धा जागा सोडतात.”

त्यानेच मग राग्नाला फोन केला. राग्ना आली ती झगझगीत नारिंगी जॅकेट घालून.

“हा काय अवतार?” आल्फहिल्ड कुजबुजली.

“जॅकेट आहे, आई. पाऊस आत येत नाही.”

“आणि बदक आत राहत नाही. बंदरातला तरंगता बोया चालत आल्यासारखी दिसतेस.”

राग्ना तशीच गेली. चोरपावलांनी, श्वास रोखून गेली बिचारी. पहिल्याच घरातलं बदक फडफडत उडालं, मागोमाग आणखी तीन. सीगल टपूनच होते. काही कळायच्या आत दोन घरट्यांतली अंडी त्यांच्या पोटात.

“शाब्बास!” आल्फहिल्ड म्हणाली. “मिंकलासुद्धा इतकं झटपट जमलं नव्हतं.”

“मी आवाज केला नाही, आई!”

“त्यांना ओळखीचं माणूस लागतं. तुझ्या बोटीतले उतारू आहेत का ते, खेकसलं की रांगेत बसायला?”

राग्नाचा चेहरा उतरला. “मीही याच घरात वाढले. त्यांना माझी ओळख नाही, ठीक आहे. तुला तरी आहे का?”

आल्फहिल्डने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री दोघींनी उकडलेले बटाटे आणि कॉड मासा आपापल्या कोपऱ्यात बसून संपवला.

सकाळी पायरीखालची म्हातारी बदकीण उरलेल्या अंड्यांवर परतलेली दिसली, आणि आणखी थोडी. पुन्हा एकदा उठली तर संपलंच. “मीच जाते,” म्हणून आल्फहिल्ड काठी टेकत उठली आणि उंबऱ्यातच कोसळली. राग्नाने तिला उचललं, खिडकीतल्या खुर्चीत बसवलं, खुंटीवरचा तपकिरी कोट काढला आणि अंगात घातला.

“तो काढ! तुझ्या बापाचा आहे तो!”

दार लागलंसुद्धा होतं.

आल्फहिल्डने दुर्बीण डोळ्यांना लावली. बदकं टिकावीत म्हणून तिने जन्म घालवला होता. पण आता, देवा, मनातल्या मनात ती म्हणत होती, उडा गं. एखादी तरी उडा. ही मी नाही, दिसत नाही का मेल्यांनो?

राग्ना पायरीजवळून गेली. म्हातारीने एक डोळा उघडला, कोटाकडे बघितलं आणि परत मिटला. राग्ना पुढच्या घराशी वाकली, त्याच्या पुढच्या घराशी वाकली. एकही हललं नाही. सीगल खडकावरून निमूट उठून गेले.

आल्फहिल्डने दुर्बीण मांडीवर ठेवली. तो पहिला वसंत तिला आठवला. बेटावरच्या शहाण्यांनी केलेलं कौतुक आठवलं. हाल्वोर गेला, हे त्या पाखरांना कोणी कळवलंच नव्हतं.

राग्ना आत आली. आनंदाने ओरडणार होती, पण सवयीने आवाज गिळला. “आई, सगळी बसून आहेत.” मग आईचा चेहरा बघून घाईघाईने कोट काढायला लागली.

“राहू दे अंगावर,” आल्फहिल्ड म्हणाली. “संध्याकाळची फेरीही तुलाच करायचीय. इकडे ये.”

राग्ना वाकली. आल्फहिल्डने तिचं गळ्याजवळचं बटण काढलं.

“हे उघडं ठेवत जा. ते कधीच लावायचे नाहीत.”