चौकीशेजारचे घर

भाद्रपदी पौर्णिमेला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात माझ्या आत्याच्या घरात चोर शिरले आणि त्यांनी तिच्या डोक्यात मारले. घर गावाच्या टोकाला होते. घराला लागून पोलीस चौकी होती. चौकीला कुलूप होते. विसावे शतक संपत आले होते आणि राज्यात नोकरभरती बंद होती.

मी तेव्हा रोह्याला राहत होतो आणि रोज पेणला येऊन तिथून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. पोलीस ठाणे, तहसील कचेरी, नगरपालिका आणि सरकारी दवाखाना हा माझा रोजचा फेरा होता. ठाण्यातली माणसे कमी होत गेली ती मी पाहिली, पण एकदम नाही. एक हवालदार निवृत्त झाला, त्याची खुर्ची भिंतीला लागली. एक शिपाई बदलून अलिबागला गेला, त्याच्या जागी कोणी आले नाही. नंतर जीपच्या डिझेलचा कोटा कमी झाला. महिन्याच्या शेवटी जीप ठाण्याच्या आवारात उभी असायची आणि चालक तिच्या सावलीत पेपर वाचायचा. ठाण्याचे साहेब सांगत की वरून माणसे मिळत नाहीत, असलेली बंदोबस्तात जातात, आणि बंदोबस्त काही कमी होत नाही. त्यांनी सांगितलेले मी लिहिले. आतल्या पानावर चार ओळी आल्या.

गावातल्या चौकीत पूर्वी एक हवालदार आणि दोन शिपाई असत. भिंती दगडी, वर कौले, मागे विहीर. आत्याच्या घराच्या आणि चौकीच्या मधे फक्त एक शेवग्याचे झाड होते. आत्या विधवा होती. नवरा मिठागरावर कामाला होता, तो वारल्यावर तिने थोडी भातशेती राखली. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होता आणि जवळच वरश्याला दोन खोल्यांत बायकामुलांसह राहत होता. आईने वरश्याला यावे यासाठी तो तिच्या मागे लागला होता. माझ्यामार्फतही त्याने निरोप पाठवून पाहिला. आत्याचे उत्तर ठरलेले असे. बाजूला पोलीस आहे, तिला कोण काय करणार.

शेवटी चौकीत एकच हवालदार उरला. तो घाटावरचा होता, साताऱ्याकडचा. त्याच्याकडे आजूबाजूची बरीच गावे होती आणि एक सायकल होती. तो आत्याला मावशी म्हणे. ती त्याला ताकाचा तांब्या देई आणि टोमणेही देई. दुपारी तो बाकावर आडवा झालेला दिसला की विचारी, चोर आला तर आधी तुम्हाला उठवायला मीच येऊ ना. एकदा मी ओट्यावर बसलेलो असताना तो म्हणाला, "मावशी, तुमच्या गावात चोरायला आहे काय? चिखल?"

आत्या म्हणाली, "चिखल नेला तरी बांध पडंल, हवालदार. तो पण राखा."

त्याला ते फारसे कळले नाही. घाटावरच्या माणसाला कळण्यासारखे ते नव्हते.

खाडीकाठच्या या गावांची शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. उधाणाच्या भरतीला बांधाला कुठेतरी भगदाड पडते, त्याला खांड म्हणतात. खांड लहान असते तोवर चिखल आणि पेंढा टाकून बुजवता येते. थोडा उशीर झाला की खारे पाणी आत येते, उभे भात करपते, आणि मग त्या जमिनीत काही वर्षे पीक येत नाही. म्हणून प्रत्येक घराच्या मागल्या दारी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा तारेने टांगलेला असे, आणि त्याच्यासोबत एक लाकडी दांडका. खांड दिसली की ज्याला दिसली त्याने डबा वाजवायचा. ऐकणाऱ्याने आपला डबा वाजवायचा, फावडे, घमेले, पेंढ्याचा भारा उचलायचा आणि थेट बांधावर जायचे. बायांनीही. कुठे, काय, विचारायला थांबायचे नाही. लहानपणी सुटीत गेल्यावर मला आत्याने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. विहिरीत वाकायचे नाही आणि खेळ म्हणून डब्याला हात लावायचा नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात आसपासच्या गावांत भरदिवसा घरफोड्या झाल्या. माणसे शेतावर गेलेली असताना भांड्यांना, दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणत कोणी येई आणि घर पाहून जाई. पेणला गणपतीच्या कारखान्यांतून मूर्तींच्या गाड्या निघू लागल्या तेव्हा वाहतुकीला पोलीस कमी पडले. गणेश चतुर्थीच्या आधी हवालदाराला पेणला बोलावण्यात आले. त्याने चौकीला कुलूप लावले, सायकल आत्याच्या पडवीत ठेवली आणि विसर्जन झाले की येतो असे सांगितले.

हवालदार गेल्यावर पोलीस पाटलांनी देवळात बैठक घेतली. पोलीस पाटील म्हणजे गावातलाच शेतकरी, सरकारने नेमलेला, काठी आणि शिक्क्यापलीकडे त्याच्याजवळ काही नसते. त्यांचे म्हणणे होते की आता आपले आपणच राखायला हवे, आणि चोर दिसला तर डबा वाजवावा. म्हाताऱ्यांनी ते मोडून काढले. डबा बांधाचा. चोरासाठी वाजवायला लागलो तर लोक घरांकडे पळतील आणि बांध जाईल. उद्या पोरे कुत्र्यासाठीही वाजवतील, असे एकाने म्हटले आणि लोक हसले. चोरासाठी देवळातली घंटा ठरली. घंटा एकसारखी वाजली की चोर, डबा वाजला की खांड. बैठकीत कोणाचा विरोध राहिला नाही. हे मला पोलीस पाटलांनी सांगितले आणि हजर असलेल्या दुसऱ्या दोघांनीही तसेच सांगितले. बैठकीला बाया नव्हत्या. ठरले ते शेजारणीने आत्याला घरी येऊन सांगितले.

गणपतीत मी आत्याकडे गेलो होतो. आतेभाऊ सुटी घेऊन आला होता. चौकीचे कुलूप दाखवून तो आईला म्हणाला की आता तरी चल. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, भात कापून घरात येऊ दे, दिवाळीनंतर येते. त्याने दसरा म्हटला. तिने दिवाळी म्हटली. मी मधे पडलो नाही, तिचा स्वर ठाम होता. तिने एवढे कबूल केले हेच त्याला पुष्कळ वाटले. वरश्याला परतल्यावर त्याने तिच्यासाठी लोखंडी खाट घेतली.

अनंत चतुर्दशीला पेणला विसर्जन शांततेत पार पडल्याची बातमी मी पाठवली. बंदोबस्तातले पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात ओळीने झोपले होते. आत्याच्या गावचा हवालदारही त्यांच्यात होता. त्याला गावी सोडले नव्हते. शेजारच्या तालुक्यात एका मिरवणुकीसाठी संध्याकाळी माणसे पाठवायची होती.

पौर्णिमेला उधाण होते. भरती दुपारी होती आणि या दिवसांतली भरती वर्षातली मोठी असते. गावातली बहुतेक माणसे शेतावर किंवा बांधाच्या कडेला होती, पाण्यावर नजर ठेवून. आत्या घरी होती, कारण तिचा गुडघा धरला होता.

त्यानंतरचे मी वेगवेगळ्या माणसांकडून गोळा केले आहे. चौकीच्या बाजूने दोन माणसे आली असे एका गुराख्याने सांगितले. दुसऱ्या एकाने एकच माणूस पाहिला. चोर पुढच्या दाराने आत गेले. आत्या मागल्या खोलीत होती. पुढच्या खोलीत कोणी पेटी ओढते आहे असा आवाज तिने ऐकला. ती मागल्या दारी गेली आणि तिने डबा वाजवला.

शेजारणीने तो ऐकला. तिने आपला डबा वाजवला, फावडे घेतले आणि बांधाकडे धावली. तिच्या पलीकडच्या घराने वाजवला. थोड्या वेळात गावातले सगळे डबे वाजत होते आणि पहिला कोणता, हे कोणालाही सांगता येत नव्हते. शेतातली माणसे बांधावर चढली. बांध गावाच्या पश्चिमेला होता, आत्याचे घर पूर्वेला. माणसे बांधावरून दोन्ही बाजूंना खांड शोधत गेली. पाणी काठाला टेकले होते, पण बांध कुठेही फुटलेला नव्हता. उघाडीपर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दारापर्यंत, जाऊन एक टोळी परत आली. कोणी वाजवला यावरून बांधावरच थोडी बाचाबाची झाली. एका तरुणाने म्हटले की कोणाच्या तरी पोराने खोडी केली असणार. भरती उतरू लागेपर्यंत कोणी बांध सोडला नाही.

शेजारीण परतली तेव्हा आत्या मागल्या दारात पडलेली होती. दांडका अंगणात होता. पेटी उघडी होती आणि सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. कानातल्या कुड्या कानातच होत्या. तेव्हा कोणीतरी देवळात जाऊन घंटा वाजवली.

गावात एक टेम्पो होता. चतुर्थीच्या आधी त्यातून मूर्ती नेल्या होत्या, खाली पेंढा तसाच होता. त्या पेंढ्यावर आत्याला निजवून पेणला आणले. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला अलिबागला हलवायचे ठरले होते. पोलीस पाटील ठाण्यात वर्दी द्यायला गेले. ठाण्यात ठाणे अंमलदार, वायरलेसवरचा एक जण आणि कोठडीचा पहारेकरी एवढेच होते. मिरवणुकीची माणसे निघून गेली होती. जीप त्यांना घेऊन गेली होती. पंचनाम्याला जायला वाहन नाही म्हटल्यावर टेम्पोवाल्याने आपला टेम्पो पुन्हा आणला. ठाणे अंमलदाराने बाहेरगावच्या कोर्टकामावरून नुकत्याच परतलेल्या एका जमादाराला त्यात बसवले. जमादार पुढे बसला. मागचा पेंढा कोणी काढला नव्हता.

पंचनामा मी नंतर वाचला. त्यात घटनास्थळाच्या चारही दिशांना काय आहे ते लिहावे लागते. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस भातशेती, उत्तरेस शेजारणीचे घर, पश्चिमेस पोलीस चौकीची इमारत, बंद.

अलिबागला आत्या काही दिवस शुद्धीवर होती. आतेभाऊ तिच्याजवळ होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. शेजारीणही आली होती, ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, स्टुलावर बसली नाही. आत्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "डबा ऐकलास नाय गो?"

शेजारीण म्हणाली, "ऐकला आये. ऐकला म्हनून तर बांधावर धावलो."

आत्या म्हणाली, "घंटा देवलात. मी घरात."

शेजारणीने पदर तोंडाला लावला. आत्याने तिला विचारले की बांध नीट आहे ना. शेजारीण म्हणाली, "व्हय. बांधाला काय नाय."

आतेभावाने मधे वरश्याच्या खाटेचा विषय काढला. खिडकीजवळ टाकली आहे, म्हणाला. तिने मान हलवली. सर्वपित्रीच्या आधी ती वारली. गुन्ह्याची कलमे बदलली, जबरी चोरीत खून जोडला गेला.

हवालदार अंत्यविधीला गावी आला. परत जाताना आत्याच्या पडवीतून सायकल घेतली. चौकी उघडली नाही, कारण तसा आदेश नव्हता. पुढे त्याची बदली घाटावर झाली.

चौकी बंद का केली असे मी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना लेखी विचारले. ती बंद केलेली नाही, असे उत्तर आले. ती मंजूर आहे, मनुष्यबळ उपलब्ध होताच तिथे कर्मचारी नेमले जातील. हे उत्तर मी जसेच्या तसे छापायला पाठवले आणि ते छापून आले. पॉलिशवाले म्हणून नागोठण्याकडे दोघांना पकडले होते. गुराख्याला ओळख परेडला नेले. त्याला कोणालाही ओळखता आले नाही. आतेभाऊ पहिली शिफ्ट संपली की रोह्याहून गाडीने पेणला येई आणि ठाण्यात तपासाचे विचारी. तपास अधिकारी बदलत गेले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. एकाने त्याला विचारले की बाजूला चौकी असताना आईने तिथे धाव का घेतली नाही. त्याने सांगितले की चौकीला कुलूप होते. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले.

पुढे प्रकरण कोर्टात 'अ समरी'ने मिटवले गेले. गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही, असा त्याचा अर्थ.

गावाने पुन्हा बैठक घेतली. या वेळी बाया आल्या होत्या. डबा बांधासाठीच राहावा, असे त्यांच्यातल्याच काहींनी म्हटले आणि तसेच ठरले. शेजारणीने हात वर केला नाही. घंटेची दोरी लांब करून रस्त्याच्या बाजूला आणण्यात आली.

आतेभावाने आईचे भात कापून घेतले आणि घर बंद केले. मागल्या दारचा डबा त्याने काढला नाही. लोखंडी खाट त्याने मुलाला दिली.

बांधाच्या डागडुजीचे काम सरकारने पुढच्या उन्हाळ्यात मंजूर केले. सिमेंटच्या गोणी ठेवायला कोरडी जागा हवी होती. ग्रामपंचायतीने चौकीची इमारत मागितली आणि ती मिळाली. जुने कुलूप गंजले होते, ते तोडण्यात आले. गोणी आत रचल्यावर दाराला नवीन कुलूप लावले. त्याची किल्ली पोलीस पाटलांकडे आहे.