गोणपाटाखालची जुडी

लग्न करून पोलंडहून यवतला आले, त्याला चार वर्षं झाली. बाजारातली कोथिंबीरवाली मला वरच्या ढिगातली जुडी कधीच द्यायची नाही. ओल्या गोणपाटाखाली हात घालून एक काढायची, झटकायची आणि स्वतःच माझ्या पिशवीत कोंबायची. कालची शिळी जुडी ही गोऱ्या बाईच्या गळ्यात मारते, अशी माझी खात्री होती. घरी पान न पान तपासलं. एकही पिवळं निघेना, तसा संशय वाढलाच.

शेवटी विचारलं, "मावशी, मलाच खालची का?"

"वरची उन्हानं सुकती. तुम्ही पाव्हण्या. माघारी जाऊन आमच्या गावाला नावं ठिवाल."

चार वर्षांनीही पाहुणीच!

पुढच्या बाजारी मी हट्टानं वरची मागितली. मावशीचा हात थांबला.

"का वं? खालचीत काय खोट निघाली?"