ओटमार वाइडलेचं धुतलेलं इंजिन

आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियातली माणसं. शनिवारी एखाद्या दारात झाडू फिरला नाही, तर रविवारी आम्ही त्या घरी सांत्वनाला जातो. अशा गल्लीतसुद्धा ओटमार वाइडलेचं अंगण बघून बाकीच्यांनी मान खाली घालावी. उभा जन्म दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेला. बायको वारल्यावर तपासायला गल्लीच उरली. कुणी दारात गाडी धुतली की नगरपालिकेला पहिला फोन त्याचा, कारण तेलाचं पाणी गटारात सोडायला आमच्याकडे मनाई आहे. समोरच्या रोझविटा कुर्ट्सला त्याच्याच फोनमुळे समज मिळाली. तेव्हापासून ती त्याला ‘अरे ओटमार’ सोडून ‘अहो वाइडले’ म्हणू लागली. आमच्याकडे भांडतात ते असं.

तर हा ओटमार गुडघे शेकायला गरम झऱ्यांवर गेला आणि तिथे त्याला उत्तरेकडच्या थॉमसेनबाई भेटल्या. विधवा, ताठ पाठीच्या. हिवाळाभर फोन चालले (आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार?). शेवटी बाई म्हणाल्या, “शनिवारी घर बघायला येते. पटलं तर राहीन. पण स्टेशनवर वेळेवर या. ताटकळत ठेवणारा एक नवरा मी आयुष्यभर सोसला, दुसरा सोसणार नाही.”

ओटमारने घर धुतलं, तळघर धुतलं, पडद्यांच्या कड्या उकळल्या. शनिवारी सकाळी गॅरेजचं दार आतून लावल्याचा आवाज आला, मग पाण्याच्या पाइपाचा. मी समजायचं ते समजलो आणि खुर्ची बाहेर अंगणात टाकली.

थोड्या वेळाने तो सूट घालून गाडीत बसला. गाडी त्याच्याइतकीच जुन्या वळणाची. खर्र, खर्र, खर्र. बस्स.

मी गेलो. “काय झालं रे?”

“काही नाही. बॅटरी असेल.”

“बॅटरी गेली तर एवढं खरखरत नाही. बॉनेट उघड.”

“बॉनेट ठीक आहे, एर्विन.”

एवढ्यात रोझविटा आली. तिच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. “पेट्रोल आहे का, वाइडले?”

“तेच संपलं असणार,” तो आशेने म्हणाला.

“काटा तर टाकी भरलेली दाखवतोय. बॉनेट उघडा.”

“नको, हात खराब होतील तुमचे.”

पोटात दुखतंय म्हणायचं आणि वैद्याला जीभ दाखवायची नाही, त्यातली गत. दूरवर आगगाडीची शिट्टी ऐकू आली. ओटमारचा चेहरा त्याच्या शर्टाइतका पांढरा झाला.

“मी इंजिन धुतलं,” तो स्टिअरिंगला म्हणाला.

“कुठे?”

“इथे. गॅरेजमध्ये.”

“साबण लावून?”

“थोडा.”

रोझविटाने तो घास नीट चावला. “जरा मोठ्याने सांगा, वाइडले. एर्विनला कमी ऐकू येतं.”

मला उत्तम ऐकू येतं, पण मी कानामागे हात धरला. आणि ओटमारने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्या बाईसाठी माणूस किती पाण्यात उतरलाय ते मला तेव्हा कळलं.

रोझविटा केस वाळवायचं यंत्र आणि लांब वायर घेऊन आली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर आत चिमणीने अंघोळ करावी एवढं पाणी. “इथून करंट प्लगांना जातो. तो पोहत कसा जाईल?” झाकण पुसलं, वायरी पुसल्या, प्लगांच्या खाचांत गरम हवा सोडली. “आता स्टार्टर मार, ओटमार.”

गाडी खोकली, शिंकली, सुरू झाली. “पण बंद करू नकोस, अजून ओल आहे,” ती ओरडली. म्हणून मला बरोबर घेतलं. तो फलाटावर जाईल तेव्हा पेडलवर पाय ठेवून बसायला कुणीतरी हवं होतं.

स्टेशनवर ओटमार आत धावला. मी इंजिन घुरघुरवत बसलो. तेवढ्यात बॅग घेतलेली एक ताठ बाई खिडकीशी आली.

“आजोबा, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बंदी आहे.”

“बंद केलं तर सुरू होणार नाही, बाई. ओलं झालंय.”

“पाऊस कुठे आहे?”

“मालकाने धुतलं. कुणी बाई येणार म्हणून.”

बाईंनी सरळ आत हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन शांत झालं. तोच ओटमार धापा टाकत आला आणि दोघांकडे बघत उभा राहिला.

“तुम्ही उशीर केलात,” बाई म्हणाल्या. “इंजिन कशाला धुतलंत?”

“तुम्ही येणार म्हणून.”

“मी काय बॉनेट उघडून बघणार होते?”

ओटमारने बॉनेटकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “नसतं बघितलंत?”

बाईंनी विचार केला. “बघितलं असतं,” त्या म्हणाल्या. “उघडा.”

त्याने उघडलं. बाईंनी चष्मा लावला आणि वाकून सगळं इंजिन निरखलं. मी श्वास रोखला, ओटमारने तर केव्हाच रोखला होता.

“बॅटरीच्या मागचा कोपरा राहिलाय,” बाई म्हणाल्या आणि पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

तो पुसू लागला. त्या बोट दाखवत होत्या. गाडी सुरू होते की नाही याची दोघांनाही काही पडली नव्हती. मी बसने घरी आलो. गल्लीला सांगायचं होतं.