अर्ध्या व्होल्टचा शोध

भद्रकालीतल्या गल्लीत रेहानाताईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत काहीही आणा, त्या खोलून बघणारच. दहावीनंतर वडिलांजवळ बसून रेडिओ दुरुस्त करायला शिकल्या. पुढचं सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून.

गेल्या फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमधून केरूभाऊंचा फोन आला. ते तिथले ऑपरेटर. द्राक्षांच्या खोलीचं तापमान नोंदवणारा, तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर दिवसातून चारदा बंद पडत होता. मेमरी कार्ड बदललं, बोर्डही नवा आणला, तरी तेच. मग केरूभाऊ दर तासाला आत शिरायचे आणि कुडकुडत वहीत आकडे लिहायचे.

रेहानाताई स्कूटरवरून पोचल्या आणि आधी स्क्रीन जोडायला लावली. कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकत होतं.

"हे कधीपासून दिसतंय?"

"पहिल्यापासून हाय की! लाइट आली म्हणून दाखवतंय. ते दिसलं का मला लय बरं वाटतं."

ताईंना हसू आवरेना. "अहो केरूभाऊ, वीज कमी पडतेय म्हणून ओरडतोय तो! आणि तुम्ही खूश?"

खात्रीसाठी त्यांनी एक ओळ टाइप केली. उत्तरात आकडा आला, त्याचा अर्थ सरळ होता: वीज आत्ताही कमी, मघाशीही कमी होती. मग पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर निघाला. अ‍ॅडॉप्टरपाशी पाच व्होल्ट, बोर्डापाशी जेमतेम साडेचार. वायरीच्या मागे मागे जात ताई क्रेटच्या थप्पीमागे वाकल्या. चार्जरची वायर बारीक वायरींचे तुकडे पिळून जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून चांगली चार मीटर लांब केलेली.

"हा पराक्रम कुणाचा?"

"माझाच," केरूभाऊ कान खाजवत म्हणाले. "प्लग लांब होता ना."

इतक्या लांब, बारीक वायरीतच अर्धा व्होल्ट गळत होता. ताईंनी प्लग जवळ घ्यायला लावला आणि जाड, आखूड वायर जोडली. पिवळं चिन्ह गेलं. वीज पुन्हा कमी पडली तर केरूभाऊंना मेसेज जावा, अशी सोयही केली. मग मुद्दाम जुनी वायर लावून बघितली. खिशातला फोन खणाणला आणि केरूभाऊ दचकून दोन पावलं मागे सरले.

पंधरा दिवसांनी ते दुकानात आले, हातात द्राक्षांची पेटी.

"ताई, शेजारच्या स्टोरेजमधला कॉम्प्युटरही असाच बंद पडायचा. मीच एकाकडून मीटर मागून आणला, मोजलं, वायर बदलली. आता एकदम झकास!"

ताईंनी कपाटातून आपला जुना मीटर काढला, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या. सारखा कुणाकुणाकडे मागणार?"